एमआरआयमध्ये नवं काही चकाकलं तर: मेंदूच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या कशा तपासायच्या, पायरीपायरीने

ग्लायोब्लास्टोमाची, म्हणजे मेंदूतल्या झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठीची, शस्त्रक्रिया झालेली असते, सहा आठवड्यांचं रेडिएशन संपलेलं असतं, टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या चालू असतात. रुग्ण बरा आहे, हिंडतोफिरतो आहे. आणि त्यानंतरच्या पहिल्याच एमआरआयच्या रिपोर्टमध्ये येतं: ‘शस्त्रक्रियेच्या पोकळीच्या कडेला नव्याने कॉन्ट्रास्ट घेणारा भाग.’ घरचे याचा एकच अर्थ काढतात, गाठ परत आली. कधी तो अर्थ खरा असतो. पण कित्येकदा ते चकाकणं उपचाराचाच परिणाम असतं आणि पुढच्या काही आठवड्यांत ओसरतं. साध्या कॉन्ट्रास्ट एमआरआयवर या दोन गोष्टी इतक्या सारख्या दिसतात, की अनुभवी माणूसही नुसत्या नजरेने निकाल देताना कचरतो. फरक शोधायचा तर त्या भागातल्या रक्तवाहिन्यांकडे बघावं लागतं.

हे बघायचं कसं, ते इथे क्रमाने सांगतो. रुग्णाच्या नातेवाइकांना रिपोर्ट समजावा आणि रेडिओलॉजी शिकणाऱ्यांना, तालुक्या-जिल्ह्याच्या सेंटरवरच्या तंत्रज्ञांना हाताशी काही असावं, असे दोन्ही वाचक डोळ्यांसमोर आहेत. दुसऱ्या गटासाठीचा तपशील पहिल्या गटाने खुशाल ओलांडून पुढे जावं.

आधी एक गोष्ट पक्की करा: गळती वेगळी, दाटी वेगळी

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातले बहुतेक पदार्थ सहजासहजी मेंदूत उतरू शकत नाहीत. यालाच ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात. शिरेतून दिलेलं गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट निरोगी मेंदूत रक्तवाहिन्यांच्या आतच राहतं. अडथळा मोडला की ते बाहेर झिरपतं आणि टी-१ प्रतिमेवर तो भाग पांढरा दिसतो. म्हणजे नेहमीच्या रिपोर्टमधलं ‘चकाकणं’ ही गळतीची खूण आहे. गळती गाठीमुळे होते, तशीच रेडिएशनमुळे, पू झाल्यामुळे, क्षयाच्या गाठीमुळे आणि शस्त्रक्रियेच्या ताज्या जखमेमुळेही होते.

दाटी म्हणजे त्या भागात रक्तवाहिन्या किती आहेत आणि त्यांत रक्त किती मावतं. गाठीला स्वतःचा रक्तपुरवठा उभा केल्याशिवाय एक-दोन मिलिमीटरपलीकडे फारसं वाढता येत नाही, हा विचार अमेरिकी सर्जन ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. ग्लायोब्लास्टोमा त्याचा ठळक नमुना. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना प्राणवायू कमी पडतो, त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि त्याच्या इशाऱ्यावर नव्या वाहिन्या फुटतात. या नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे गुंतवळ्यासारख्या आणि गळक्या असतात. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनाच ‘मायक्रोव्हॅस्क्युलर प्रोलिफरेशन’ म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात या खुणेला इतकं वजन आहे, की प्रौढ रुग्णाच्या आयडीएच-वाइल्डटाइप (आयडीएच जनुकात बदल नसलेल्या) पसरट अ‍ॅस्ट्रोसायटोमात ती सापडली तर तेवढ्यावर ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४, असं निदान होऊ शकतं.

आता रेडिएशनकडे या. रेडिएशनने वाहिन्यांच्या आतल्या पेशी भाजल्या जातात. त्यामुळे गळती भरपूर होते, पण वाहिन्या मात्र बंद पडतात, विरळ होतात. शेतात एका कोपऱ्यात पाणी साचलेलं दिसलं, तर तिथे पाइप फुटलाय की कुणी जादा पाइप टाकलेत, हे साचलेल्या पाण्यावरून सांगता येत नाही. पाइपच मोजावे लागतात. पर्फ्युजन तपासणी ही ती मोजणी. पुढची प्रत्येक पायरी गळती आणि दाटी एकमेकींत मिसळू नयेत, यासाठीच आहे.

(वाहिन्यांवरून गाठ ओळखण्याची कल्पना मुळात जुनी आहे. लिस्बनमध्ये पोर्तुगीज न्यूरोलॉजिस्ट एगास मोनीश यांनी १९२७ मध्ये मेंदूची पहिली अँजिओग्राफी केली, तीही गाठीमुळे सरकलेल्या धमन्या दिसाव्यात म्हणून. सीटी स्कॅन यायला तेव्हा अजून चार दशकांहून जास्त काळ जायचा होता.)

पायरी १: चिठ्ठी आणि सोबतचा कागद

चिठ्ठीवर ‘एमआरआय ब्रेन विथ कॉन्ट्रास्ट’ एवढंच असेल, तर बहुतेक ठिकाणी पर्फ्युजन होत नाही. तसं स्पष्ट लिहून घ्यावं लागतं आणि अपॉइंटमेंट घेतानाच ‘तुमच्याकडे पर्फ्युजन होतं का, आणि ते वाचणारं कुणी आहे का’ असं विचारावं लागतं. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. मशीनवर सुविधा असते, पण वर्षभरात ती क्वचितच वापरली जाते, अशी सेंटरं कमी नाहीत.

एका कागदावर पुढची माहिती लिहून न्या: शस्त्रक्रियेची तारीख, बायोप्सीचा रिपोर्ट (त्यातल्या आयडीएच आणि एमजीएमटी या जनुकांच्या तपासण्यांसकट), रेडिएशन सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, चालू औषधं. औषधांत दोन नावं विसरू नका. एक डेक्सामेथासोन, त्याच्या रोजच्या मात्रेसह. हे स्टिरॉइड गळती कमी करतं, त्यामुळे डोस वाढवल्यावर काढलेला एमआरआय खोटा सुधारलेला दिसू शकतो. दुसरं बेव्हॅसिझुमॅब, त्याबद्दल पुढे. आणि जुने सगळे स्कॅन, सीडीसकट. मागचा एमआरआय हातात नसताना ‘वाढलं की कमी झालं’ याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही, आणि खरा प्रश्न तर तोच असतो.

पायरी २: मूत्रपिंड, शीर, सुई

रक्तातलं क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, काढतात. ती ३० च्या खाली असेल तर गॅडोलिनियमचा निर्णय विचार करूनच घ्यायचा. जुन्या, ‘लिनिअर’ प्रकारच्या कॉन्ट्रास्टमुळे अशा रुग्णांत त्वचा आणि अवयव कडक करणारा एक गंभीर आजार झाल्याचं दिसून आलं होतं. युरोपात २०१७ मध्ये लिनिअर प्रकारांवर कडक बंधनं आली. आज ‘मॅक्रोसायक्लिक’ प्रकार वापरणं शहाणपणाचं. कोणतं वापरणार, हे विचारायला लाजू नका. पेसमेकर, जुनी धातूची क्लिप, गर्भारपण, आधी कधी कॉन्ट्रास्टची रिअ‍ॅक्शन आली होती का, हे नेहमीचे प्रश्न आहेतच.

पर्फ्युजनचं यश मात्र बऱ्याचदा सुईवर ठरतं. कॉन्ट्रास्ट सेकंदाला ३ ते ५ मिलिलिटर या वेगाने आत जायला हवं. त्यासाठी कोपराच्या पुढच्या मोठ्या शिरेत १८ किंवा २० गेजची सुई लागते. केमोने शिरा खराब झालेल्या असतात, म्हणून वॉर्डातून रुग्ण पुष्कळदा हाताच्या पंजावर बारीक, २४ गेजची पिवळी सुई घेऊनच येतो. त्या सुईतून साधं कॉन्ट्रास्ट एमआरआय होईल, पर्फ्युजन होणार नाही. सेंटरवर पोचल्यावर घाई न करता नवी शीर शोधायला सांगा. पाणी पिऊन आल्याने आणि हात गरम ठेवल्याने ती सापडायला मदत होते. छातीत केमोपोर्ट असेल, तर तो वेगाने इंजेक्शन सहन करणाऱ्या प्रकारचा आहे का, हे पोर्टच्या कार्डवर पाहूनच वापरायचा. साध्या पोर्टमधून दाबाने द्रव ढकलला तर नळी फाटू शकते.

पायरी ३: कोणती प्रतिमा आधी, कोणती नंतर

हा भाग तंत्रज्ञांसाठी. कॉन्ट्रास्टआधी टी-२, फ्लेअर, डिफ्युजन आणि एसडब्ल्यूआय काढून घ्या. एएसएल (कॉन्ट्रास्टशिवायचं पर्फ्युजन, त्याबद्दल शेवटी) करणार असाल तर तेही कॉन्ट्रास्टआधीच, कारण गॅडोलिनियम शरीरात गेल्यावर एएसएलची खूण पुसली जाते. मग कॉन्ट्रास्टआधीची टी-१, शक्यतो थ्रीडी. ही टाळायची नाही: शस्त्रक्रियेनंतरचं जुनं रक्त टी-१ वर मुळातच पांढरं दिसतं, आणि आधीची प्रतिमा नसेल तर तेच ‘नवं चकाकणं’ म्हणून रिपोर्टमध्ये जातं. मग पर्फ्युजन, आणि अगदी शेवटी कॉन्ट्रास्टनंतरची थ्रीडी टी-१.

डिफ्युजनबद्दल एक आडवळणाची पण कामाची गोष्ट. शस्त्रक्रियेनंतर ४८ ते ७२ तासांत काढलेल्या एमआरआयमध्ये पोकळीच्या कडेला रक्तपुरवठा तुटलेली एखादी पट्टी डिफ्युजनवर दिसू शकते. तीच पट्टी काही आठवड्यांनी कॉन्ट्रास्ट घेऊन चकाकते. तो सुरुवातीचा एमआरआय जपून ठेवला नसेल, तर ही निरुपद्रवी पट्टी गाठीच्या खात्यावर जमा होते.

पायरी ४: महत्त्वाची दोन मिनिटं

सर्वांत प्रचलित पद्धत डीएससी. तिचं तत्त्व असं: गॅडोलिनियमचा लोट वाहिन्यांमधून जाताना भोवतालचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतो आणि टी-२ स्टार प्रतिमेवरचा सिग्नल क्षणभर खाली पडतो. जिथे रक्त जास्त, तिथे तो जास्त खोल पडतो. त्या खड्ड्याच्या आकारमानावरून रक्ताचं प्रमाण, म्हणजे सीबीव्ही, काढलं जातं.

साधारण दर सव्वा ते दीड सेकंदाला पूर्ण मेंदूची एक फेरी, असं सुमारे दोन ते अडीच मिनिटं चालतं. पहिलं पाऊण मिनिट काहीही न देता स्थिर सिग्नल नोंदवायचा, मग कॉन्ट्रास्ट, आणि त्याच वेगाने मागोमाग २० ते ३० मिलिलिटर सलाइन. मात्रा किलोमागे ०.१ मिलिमोल. साठ किलोच्या माणसाला नेहमीच्या अर्ध्या मोलर कॉन्ट्रास्टचे १२ मिलिलिटर लागतात, आणि सेकंदाला ४ मिलिलिटरच्या वेगाने ते तीन सेकंदांत आत जातात. सगळा खेळ या तीन सेकंदांचा आहे. हाताने, आरामात दिलेलं इंजेक्शन इथे चालत नाही. लोट पसरट होतो आणि खड्डा उथळ पडतो. पॉवर इंजेक्टर हवाच.

गळतीचा त्रास इथेच सुरू होतो. गाठीत कॉन्ट्रास्ट वाहिनीबाहेर झिरपलं, की टी-१ परिणामामुळे सिग्नल वर चढतो, खड्डा अर्धवट बुजतो आणि दाटी आहे त्याहून कमी भासते. उपाय दोन. एक म्हणजे आधी थोडं किंवा पूर्ण मात्रेचं कॉन्ट्रास्ट देऊन ऊतक ‘भरून’ ठेवायचं, ज्याला प्रीलोड म्हणतात, आणि काही मिनिटांनी मुख्य लोट द्यायचा. दुसरा म्हणजे फ्लिप अँगल कमी ठेवायचा. ग्लायोमातल्या (मेंदूच्या आधार-पेशींपासून होणाऱ्या गाठींतल्या) डीएससीसाठी २०२० मध्ये तज्ज्ञांची सहमती-शिफारस प्रसिद्ध झाली. ३ टेस्लाच्या मशीनवर ३० अंशांचा फ्लिप अँगल आणि सुमारे ३० मिलिसेकंदांचा टीई ठेवला, तर प्रीलोडशिवाय एकाच मात्रेत काम भागतं, असं तिच्यात म्हटलं आहे. आपल्याकडे कॉन्ट्रास्टची एकेक बाटली रुग्णाच्या खिशातून येते, तेव्हा एका मात्रेत होणारा हा पर्याय मला अधिक भावतो. दोन्हींपैकी काहीही निवडा, पण एकाच रुग्णाच्या सगळ्या तपासण्यांत तेच ठेवा.

डीसीई ही दुसरी पद्धत टी-१ वर चालते, पाच-सहा मिनिटं घेते आणि गळती थेट मोजते. केट्रान्स हा तिचा आकडा. कवटीच्या तळाशी, सायनसजवळ किंवा जुन्या रक्ताच्या शेजारी डीएससीची प्रतिमा वाकडी होते, तिथे डीसीई सरस. भारतात या पद्धतीवर लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत बरंच काम झालं आहे.

पायरी ५: रंगाआधी आलेख

संगणक रंगीत नकाशा क्षणात काढून देतो. लाल म्हणजे जास्त, निळं म्हणजे कमी. नातेवाइकांना, आणि खरं सांगायचं तर काही सर्जननाही, तो फार पटतो. मी तो सर्वांत शेवटी बघतो. आलेख बिघडलेला असला तरी नकाशा सुंदरच येतो, हे त्याचं कारण.

कन्सोलवर आधी समोरच्या, निरोगी बाजूच्या मेंदूवर एक वर्तुळ ठेवा आणि वेळेनुसार सिग्नलचा आलेख उघडा. सुरुवातीची रेघ सपाट हवी. ती करवतीसारखी दिसली तर रुग्ण हलला आहे. मग एकच तीव्र, अरुंद उतार हवा; दोन उतार किंवा पसरट दरी म्हणजे इंजेक्शन अडखळलं. मग रेघ जवळपास मूळ पातळीला परत यायला हवी. निरोगी बाजूच अशी दिसत नसेल, तर गाठीवरचे आकडे वाचण्यात अर्थ नाही. रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा. ‘पर्फ्युजन तांत्रिकदृष्ट्या समाधानकारक नाही’ हे वाक्य लिहिण्यात कमीपणा नाही. खराब आलेखावरून काढलेला दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा लिहिण्यात आहे.

आता वर्तुळ गाठीवर आणा आणि परतीची रेघ पाहा. ती मूळ पातळीच्या वर उसळली तर गळतीचा टी-१ परिणाम जोरात आहे. मेंदूतल्या लिम्फोमात (लिम्फ पेशींच्या कर्करोगात) हे पुष्कळदा दिसतं. ती बरीच खालीच राहिली तर शरीराच्या दुसऱ्या भागातून आलेल्या मेटास्टॅसिसचा विचार डोक्यात ठेवायचा. ग्लायोब्लास्टोमा बहुधा या दोहोंच्या मधे असतो. हा नियम नव्हे, संकेत आहे.

पायरी ६: तुलना कशाशी केली, ते तपासा

सीबीव्हीचा सुटा आकडा निरुपयोगी असतो. तो दर मशीनला, दर इंजेक्शनला बदलतो. म्हणून गाठीचा आकडा समोरच्या बाजूच्या निरोगी श्वेतद्रव्याच्या आकड्याने भागतात. येतो तो सापेक्ष आकडा, आरसीबीव्ही. श्वेतद्रव्य म्हणजे १ धरलं, तर करडं द्रव्य साधारण २ च्या आसपास येतं.

चूक किती सहज होते ते एका काल्पनिक उदाहरणात पाहा. समजा, गाठीच्या सर्वांत दाट जागी कच्चा आकडा ५.४ आहे आणि समोरच्या श्वेतद्रव्यात १.८. गुणोत्तर ३ आलं. दाटी उघड आहे. आता तंत्रज्ञाचं दुसरं वर्तुळ किंचित बाहेर सरकलं, कॉर्टेक्सचा तुकडा आत आला आणि तिथला आकडा ३.२ झाला. गुणोत्तर थेट १.७ वर घसरलं. गाठ तीच, रुग्ण तोच, अर्थ मात्र उलटा. तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाल्याने हे होतं.

म्हणून वर्तुळ कुठे ठेवलं, त्याची प्रतिमा जपून ठेवा. गाठीत तीन-चार लहान वर्तुळं ठेवून त्यांतलं सर्वांत जास्त मूल्य घ्या, पण मोठी शीर किंवा धमनी त्यात येऊ देऊ नका. कॉन्ट्रास्टनंतरची थ्रीडी टी-१ शेजारी उघडी ठेवली की ती ओळखू येते. पोकळी, गळून गेलेला मधला भाग आणि रक्तस्राव वगळा. गळती-दुरुस्तीचं गणित सॉफ्टवेअरमध्ये चालू आहे का, ते पाहा. काही सॉफ्टवेअरमध्ये ते मुळात बंद असतं.

पायरी ७: आकडा वाचताना

सगळे एक उंबरठा विचारतात: ‘किती आला म्हणजे कॅन्सर?’ २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १६० ग्लायोमा रुग्णांच्या एका अभ्यासाने १.७५ हा आकडा रूढ केला. त्यावर उच्च श्रेणीच्या ९५ टक्के गाठी पकडल्या गेल्या. पण विशिष्टता होती ५७.५ टक्के. म्हणजे सौम्य श्रेणीच्या गाठींपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त गाठींवर उच्च श्रेणीचा शिक्का बसला असता. त्यामुळे १.७५ ला सीमारेषा न समजता सावधानतेचा फलक समजावं. शिवाय हा आकडा उपचार न झालेल्या गाठींचा आहे. रेडिएशननंतरच्या रुग्णाला तो जसाच्या तसा लावू नये.

उपचारांआधीच्या गाठीत पुढची गृहीतकं उपयोगी पडतात. ग्लायोब्लास्टोमा भोवतालच्या सुजेतही घुसलेला असतो, म्हणून चकाकत्या भागाबाहेरच्या सुजेतही आरसीबीव्ही वाढलेला दिसू शकतो. मेटास्टॅसिसभोवतीची सूज नुसतं पाणी असते, तिथे तो वाढत नाही. लिम्फोमा एकसारखा, जोरात चकाकतो पण दाटी बेताचीच असते. लिम्फोमाची शंका असेल तर बायोप्सीआधी, जीवावर बेतलं नसेल तर, स्टिरॉइड देऊ नये. गाठ विरघळते आणि बायोप्सीत काहीच सापडत नाही.

आणि हे फसवे पाहुणे. ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा ग्रेड २ चा असूनही दाट दिसतो, कारण त्याच्यात बारीक वाहिन्यांची जाळी मुळातच भरपूर असते. मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) बहुतेक वेळा सौम्य, पण रक्ताने भरलेला. आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असा क्षयाचा ट्युबरक्युलोमा. त्याच्या कडेला खरोखर नव्या वाहिन्या फुटतात, त्याही व्हीईजीएफमुळेच, आणि आरसीबीव्ही वाढतो. परदेशी पाठ्यपुस्तकातलं ‘संसर्ग असेल तर दाटी कमी’ हे वाक्य पुवाच्या गाठीला लागू पडतं, याला पडेलच असं नाही. टी-२ वर काळपट दिसणं आणि स्पेक्ट्रोस्कोपीत १.३ पीपीएमजवळ चरबीचं मोठं शिखर येणं ट्युबरक्युलोमाकडे बोट दाखवतं.

रेडिएशननंतरचे महिने

मुख्य गुंता इथला आहे, म्हणून जरा सावकाश.

ग्लायोब्लास्टोमाची २००५ पासूनची प्रस्थापित पद्धत अशी: सहा आठवड्यांतल्या ३० बैठकांत एकूण ६० ग्रे रेडिएशन आणि सोबत रोज टेमोझोलोमाइड. हे संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत काही रुग्णांमध्ये चकाकणारा भाग वाढतो आणि मग औषध न बदलता कमी होतो. याला स्यूडोप्रोग्रेशन, म्हणजे वाढीचा भास, म्हणतात. ज्यांच्या गाठीत एमजीएमटी मिथायलेटेड (रासायनिक खुणेने बंद पडलेला) असतो त्यांच्यात हे जास्त दिसतं, आणि नेमक्या याच रुग्णांना गोळ्यांचा फायदा सर्वांत जास्त होत असतो. भासाला घाबरून चालू गोळ्या बंद केल्या तर नुकसान दुहेरी.

म्हणूनच गाठ उपचारांना कसा प्रतिसाद देते हे ठरवणाऱ्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय रानो निकषांनी ठरवलं, की रेडिएशननंतरच्या १२ आठवड्यांत चकाकणं वाढलं एवढ्यावर गाठ वाढली असं जाहीर करायचं नाही. नवा भाग रेडिएशनच्या मुख्य क्षेत्राबाहेर असेल किंवा बायोप्सीत सिद्ध झालं असेल तरच. २०२३ च्या सुधारित निकषांनी रेडिएशननंतरचा पहिला एमआरआय हाच पुढच्या तुलनेचा पाया धरला. तो चुकवू नका, आणि त्यात पर्फ्युजन करून घ्या. एकट्या आकड्यापेक्षा त्याची दिशा जास्त बोलते: आरसीबीव्ही १.४, मग १.९, मग २.६ असा चढत असेल तर काळजीचं, आणि २.२ वरून १.५ वर उतरला असेल तर चकाकणं थोडं वाढलेलं असूनही थांबता येतं. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत.)

रेडिएशनमुळे होणारा खरा ऊतकनाश, रेडिएशन नेक्रोसिस, उशिरा येतो, बहुधा सहा महिन्यांनंतर, कधी काही वर्षांनी. गळती भरपूर, दाटी कमी, हे त्याचं नेहमीचं रूप. अडचण अशी, की एकाच ठिकाणी नेक्रोसिस आणि जिवंत गाठ दोन्ही मिसळलेली असू शकतात. तेव्हा आकडा मधलाच कुठेतरी येतो आणि ‘अनिश्चित’ हेच प्रामाणिक उत्तर असतं. अशा वेळी चार ते सहा आठवड्यांनी त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने तपासणी पुन्हा करतात. रुग्णाची तब्येत तेवढं थांबू देत नसेल तर बायोप्सी, आणि तीही नकाशावर सर्वांत दाट दिसणाऱ्या जागेतून, म्हणजे सुई मेलेल्या भागात जाऊन रिकामा निकाल येण्याची शक्यता घटते.

बेव्हॅसिझुमॅब चालू असेल तर वरचं बरंचसं बाजूला ठेवावं लागतं. हे औषध व्हीईजीएफलाच अडवतं. काही दिवसांत गळती थांबते, चकाकणं मावळतं, आरसीबीव्हीही पडतो. रिपोर्ट छान येतो. पण गाठ वाहिन्यांशिवाय, कडेकडेने, मेंदूत झिरपत पुढे जात असू शकते. म्हणून या रुग्णांत कॉन्ट्रास्टच्या प्रतिमेपेक्षा फ्लेअर आणि डिफ्युजन अधिक बारकाईने बघायचे.

पर्फ्युजन जमत नसेल तर

मूत्रपिंड कमजोर आहे, मूल लहान आहे, शीरच मिळत नाही: अशा वेळी एएसएल. यात मानेतल्या धमन्यांतल्या रक्ताच्या पाण्यालाच चुंबकीय खूण करतात, दीड-दोन सेकंद थांबतात आणि ते मेंदूत पोचल्यावर प्रतिमा घेतात. सुई नाही, कॉन्ट्रास्ट नाही, चार-पाच मिनिटांचं काम. हे रक्ताचा प्रवाह दाखवतं, साठा नाही, आणि प्रतिमा दाणेदार येते. रुग्ण स्वस्थ पडून राहायला हवा. गळतीचा मात्र त्यावर फारसा परिणाम होत नाही, ही मोठी जमेची बाजू.

एसडब्ल्यूआयवर गाठीतल्या वेड्यावाकड्या शिरा आणि सूक्ष्म रक्तस्राव काळ्या रेघा-ठिपक्यांसारखे दिसतात. रेडिएशननंतर काही वर्षांनी मेंदूत विखुरलेले काळे ठिपके दिसले तर तो पुष्कळदा रेडिएशनचा जुना ठसा असतो. सीटी पर्फ्युजनही करता येतं, पण त्यात क्ष-किरण आणि आयोडीनचं कॉन्ट्रास्ट आलं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी ते करत राहणं योग्य नाही.

पीईटीबद्दल गैरसमज आहे. शरीराच्या इतर कर्करोगांत वापरला जाणारा एफडीजी-पीईटी मेंदूत कमी पडतो, कारण निरोगी मेंदूच मुळात भरपूर ग्लुकोज खातो आणि सगळंच उजळ दिसतं. अमिनो आम्लावर आधारलेला एफईटी-पीईटी इथे सरस ठरतो. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये त्यावर काम झालं आहे. तो सगळीकडे मिळत नाही. त्यातल्या फ्लुओरीन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं असल्याने तो ते बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रापासून फार लांबही नेता येत नाही.

रिपोर्ट आणि सीडी

रिपोर्टमध्ये ‘पर्फ्युजन वाढलेलं’ एवढंच असेल तर पुढची विचारणा करा: आरसीबीव्ही किती, तुलना कशाशी, गळती-दुरुस्ती केली का, मागच्या वेळेपेक्षा वाढला की कमी झाला. चांगला रेडिओलॉजिस्ट या प्रश्नांनी चिडत नाही.

फिल्मवर विसंबू नका. फिल्मवर छापलेला रंगीत नकाशा पुन्हा मोजता येत नाही, आणि दुसरं मत घ्यायला गेल्यावर तिथला डॉक्टर सर्वांत आधी तेच मागतो, जे फिल्मवर नसतं. सीडी डायकॉम स्वरूपात घ्या आणि तिच्यात पर्फ्युजनचा कच्चा डेटा घालायला सांगा. बऱ्याच ठिकाणी जागा वाचवायला फक्त तयार नकाशे देतात. ओळखायची खूण सोपी: सीडी घरच्या संगणकावर उघडली की पर्फ्युजनच्या मालिकेत हजाराहून जास्त प्रतिमा दिसायला हव्यात, कारण वीस-पंचवीस छेद गुणिले शंभरेक फेऱ्या. दहा-वीसच रंगीत चित्रं दिसली तर कच्चा डेटा दिलेला नाही. अशा वेळी लगेच सेंटरवर परत जा. पुष्कळ ठिकाणी तो सर्व्हरवर कायमचा ठेवत नाहीत.